आधी काय जाणार ते सांगा

आमच्या आंजी गावापासून वर्ध्यापर्यंत आणि तिथून पुढे म्हणाल तिथवर, कमी बोलण्याच्या बाजूने माझ्या वहिनीइतकं भरभरून बोलणारी बाई सापडायची नाही, आणि ती आमच्या घरची आहे हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ वांगी-टोमॅटो पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेतो, वहिनी घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचं संगणकाचं काम करते. घरात निरोप कसा द्यायचा याचा तिचा कायदा आहे: आधी काय झालं ते, मग आता काय करायचं ते, बाकी सगळं नंतर. एकदा भाऊ धापा टाकत आला आणि "मी विहिरीवर गेलतो, तं वाटेत शेजारचा भेटला, त्याच्या जावयानं..." अशी सुरुवात केली. विहिरीवरची मोटार जळाली होती. "मंग मोटार पयले सांगा ना! जावई मागून येऊ द्या," वहिनी म्हणाली.

पण तिचा खरा राग माणसांवर नाही, संगणकाच्या काळ्या खिडकीवर. तिथे एक हुकूम टाइप केला की एक प्रोग्रॅम बाकीचे प्रोग्रॅम आणून बसवतो, जुने काढून टाकतो, आणि हे करताना ओळींमागून ओळी ओकत सुटतो. शेवटी विचारतो, पुढे जाऊ का? "एवढा बोलला अन् कामाचं मधातच गिळलं," वहिनी चिडते. या ओळी ती साध्या भाषेत नव्याने लिहिते आणि घरी येईल त्याला वाचायला लावते. मीटर बघायला आलेला माणूस असो की मी, चहा नंतर. "समजलं" म्हटल्याने सुटका होत नाही. "काय समजलं थे सांगा," असं ती विचारते. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या एका पाहुण्याला तिने इतकं वाचायला लावलं, की बिचारा पत्रिका तशीच खिशात घेऊन परत गेला.

या वेडाला धार आली ती गावच्या शाळेमुळे. तिथले जुने संगणक वहिनीनेच फुकट मिळणारे प्रोग्रॅम घालून चालते केले होते. एक दिवस तिथल्या मॅडम मुलांसाठी चित्रांचा प्रोग्रॅम बसवायला बसल्या. ओळी धो धो वाहिल्या, पुढे जाऊ का असं विचारलं गेलं, मॅडमनी हो म्हटलं. त्याच ओळींच्या गर्दीत कुठेतरी लिहिलं होतं, की या नव्या प्रोग्रॅमसाठी पडद्यावरची सगळी मांडणी काढली जाईल. चित्रं, खिडक्या, सगळं गेलं, राहिला काळा पडदा. वहिनीने दुपारभरात तो संगणक नीट केला, पण मॅडम त्याला हात लावेनात. "माह्याच हातानं झालं. आता नाई बाप्पा," असं म्हणून त्या लांब बसायच्या. "नीट वाचायचं ना," असं जो तो म्हणायचा, आणि वहिनीच्या अंगाची आग व्हायची. "कागदाच्या मधात लपवून लिहाचं, अन् मंग म्हणाचं सही काऊन केली?"

बाकीचे प्रोग्रॅम आणून बसवणारा तो प्रोग्रॅम सांभाळणारी माणसं देशोदेशी विखुरलेली, आणि त्यात सुधारणा सुचवायला कोणालाही मोकळीक. वहिनीने त्यांना बदल लिहून पाठवला: काही काढायचं असेल तर ते सगळ्यात आधी, वेगळं सांगा, आणि नुसतं एंटर दाबलं तर काही काढू नका. उत्तर आलं, की हे पहिल्यापासून असंच आहे आणि जाणत्यांना त्याची सवय आहे. वहिनीने अतिशय सभ्य इंग्रजीत पुन्हा लिहिलं. त्याच वेळी तिच्या तोंडून जी वऱ्हाडी बाहेर पडत होती, ती इथे देत नाही. असं कितीतरी महिने चाललं. सोडून द्या, असं मी एकदा म्हणालो. "त्यायनं नाई म्हटलं तं चूक मॅडमचीच ठरते ना, भाऊजी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी बदल मान्य झाला. मराठी ओळीही तिनेच लिहिल्या. सुधारलेला प्रोग्रॅम शाळेत आला त्या दिवशी वहिनीने मॅडमना जवळजवळ ओढूनच खुर्चीवर बसवलं. मॅडमनी भीत भीत तोच हुकूम दिला. पडद्यावर उमटलं: "पडद्याची सगळी मांडणी काढली जाईल. नको असेल तर एंटर दाबा." मॅडमचा हात थबकला. "अवं, हे तं सारंच नेऊन राह्यलं!" त्यांनी एंटर दाबलं आणि वळून आमच्याकडे बघितलं. "म्हंजे मले वाचता येते," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. वहिनीने त्यांची खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ सरकवली.

मी मात्र गावभर सांगत सुटलो. जगात कुठेकुठे, कोणाकोणाचा हात या ओळीपाशी थांबत असेल, आणि ती आमच्या आंजीतल्या बाईने लिहिली हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसेल, हे मला काही केल्या सहन होईना. "वहिनी, तिथं खाली तुमचं नाव तरी पाह्यजे होतं," मी म्हणालो.

"नाव कायले? वाचणाराले एक ओळ वाढते," वहिनी म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.