दोन खेळांची मेरिट लिस्ट

आमच्याकडे, इथे दक्षिण गोलार्धात, संक्रांतीचं हळदीकुंकू भर उन्हाळ्यात येतं. त्या वर्षी ट्रुगानिना नावाच्या उपनगरात एका मैत्रिणीच्या घरी आम्ही पंधरा-सोळा जणी काठापदराच्या साड्या नेसून एसीखाली बसलो होतो, आणि हातावर तिळगूळ पडायच्या आधीच कॉलेजांचा विषय निघाला. इथे सातवी ते बारावीच्या शाळेलाही कॉलेजच म्हणतात. त्यामुळे ज्यांची मुलं सहावीत होती त्या आम्हा सगळ्या आयांना जानेवारीपासूनच अ‍ॅडमिशनचा ताप चढला होता. कुठल्या कॉलेजचा बारावीचा निकाल कसा, कुठे मॅथ्सचे टीचर टिकतात, कुठल्या कॉलेजच्या हद्दीत घर घ्यावं, अशी चर्चा रंगली. पुणं सोडून चौदा वर्षं झाली तरी मी पुण्यातच बसले आहे असं वाटायला लागलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशी ती लवकर जाते, घरचे सगळे ओळखून आहेत. मी म्हटलं, "आम्ही तर जिथे फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही चांगलं आहे तिथेच घालणार."

मग यजमानीण म्हणाली, "अगं, ते ठीक आहे. पण मार्कांचं काय?"

"मार्कांचं मार्क बघून घेतील," मी म्हणाले. मला फारच भारी वाटलं. घरी येताना गाडीत मी नवऱ्याला तो संवाद दोनदा ऐकवला.

लेकीला खेळाचं वेड होतं हे खरंच. शनिवारी सकाळी बास्केटबॉल, हिवाळ्यातल्या रविवारी फुटबॉल. फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडूचा, चार खांबांमधून मारायचा. टार्निटच्या मैदानावर जुलैत असा वारा सुटतो की कानटोपी घालूनही कान दुखतात, आणि ही चिखलात लोळून दात काढत बाहेर येणार. मॅच नसली की घरासमोरच्या ड्राइव्हवेवर एकटीच चेंडू आपटत राहायची. धप धप धप. शेजारचे आजोबा एकदा म्हणाले होते की तो आवाज थांबला की त्यांना कळतं, आमच्याकडे जेवणाची वेळ झाली.

मला तो आवाज फार आवडायचा. मी स्वतः शाळेत नववीपर्यंत बास्केटबॉल खेळले. सिमेंटचं कोर्ट, जाळी नसलेली रिंग, आणि आम्ही सात जणी. दहावीचं वर्ष सुरू झालं तशी घरची केबल काढली, सुट्टीतल्या लग्नाला जाणं बंद झालं आणि आईने माझे बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. ती काही दुष्ट नव्हती. सगळ्यांकडे तसंच चालायचं. मला मार्क चांगले पडले, मग अकरावी-बारावी, मग इंजिनिअरिंग, आणि बूट कधीतरी लहान झाले. मी तेव्हा रडलेसुद्धा नाही. पण माझ्या लेकीच्या बाबतीत हे होऊ देणार नाही, असं मी ती पोटात असल्यापासून ठरवलं होतं.

तर मी लिस्ट करायला घेतली. मी डेटावर काम करणारी बाई, मला लिस्टशिवाय विचारच करता येत नाही. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरातली नऊ कॉलेजं घेतली. फुटबॉलला पन्नास गुण, बास्केटबॉलला पन्नास, एकूण शंभर. मागच्या काही वर्षांत कोण कुठल्या फेरीपर्यंत पोचलं, कप किती, सगळं त्यांच्या वेबसाइटवरच्या जुन्या बातमीपत्रांतून खणून काढलं. नवरा मागून डोकावून म्हणाला, "पीसीएमचा ग्रुप लावलायस की काय? कट-ऑफ किती ठेवलायस?"

"चेष्टा करू नकोस. एक कॉलेज फुटबॉलमध्ये पहिलं आहे आणि बास्केटबॉलमध्ये चक्क नापास."

"मग त्याला एटीकेटी दे," तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

ओपन डे सुरू झाल्यावर तर माझ्या अंगातच आलं. मुख्याध्यापक आया-बापांना सायन्स लॅब दाखवायला नेत, आणि मी मागे राहून कपांच्या काचेच्या कपाटासमोर वही घेऊन उभी. एका ठिकाणी ऑफिसातल्या बाईंनी येऊन, काही मदत हवी का अशा सुरात विचारलं, "यू राइट देअर?" मी म्हटलं, "ऑल गुड, जस्ट काउंटिंग." त्या हसल्या, पण जरा लांबूनच. तिथेच माझ्या लक्षात आलं की कपाटातले जवळजवळ सगळे कप मुलांचे आहेत. मुलींचे दोन, तेही खालच्या फळीवर, मागच्या रांगेत. मी घरी येऊन सगळी लिस्ट पुन्हा केली, या वेळी फक्त मुलींच्या टीमची. पहिली तीन कॉलेजं धाडकन खाली आली आणि जे पाचवं होतं ते पहिलं झालं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी मी खूश होते.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचं कॉलेज सर्वांत खाली होतं. शून्य अधिक शून्य. ते नवंकोरं होतं, वरच्या वर्गांत अजून कुणी पोचलंच नव्हतं, कप कुठून येणार? मी त्याला शेवटची ओळ दिली ती केवळ लिस्ट पुरी दिसावी म्हणून.

पहिलं आलेलं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्यांच्याकडे खेळाचा वेगळा प्रोग्राम होता आणि त्यासाठी निवड चाचणी. मी लेकीला विचारलं, "जायचं?" तिने खांदे उडवले, पण डोळे चमकले. "विल देअर बी बोथ?" तिने विचारलं. "दोन्ही," मी म्हटलं. तो होकार मी लिहूनच घेतल्यासारखा धरला. तेव्हा मी तिला अजून एक प्रश्न विचारायला हवा होता, पण मला घाई होती.

चाचणीला अडीच महिने होते. मी मंगळवार आणि गुरुवारसाठी एक कोच शोधली. ऑफिसातून लवकर निघता यावं म्हणून सकाळी सातलाच लॉगिन करायला लागले. ड्राइव्हवेवर रोज पन्नास शॉट, डाव्या हाताने वीस, आणि मी गराजच्या दारात वही घेऊन उभी. आज एकतीस गेले, काल चौतीस होते, का कमी झाले? फुटबॉलच्या मॅचनंतर गाडीत मी तिला कुठे पास द्यायला हवा होता ते सांगायचे. खरं तर तो खेळ मला अजूनही धड कळत नव्हता.

एकदा तिने विसाव्या शॉटनंतर चेंडू काखेत धरला आणि म्हणाली, "आई, आय अ‍ॅम टायर्ड." शाळेतून येऊन तिने दूधही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "एवढे दोन महिने कर गं राणी. एकदा अ‍ॅडमिशन झाली की तू मोकळी."

दहावीच्या वर्षी महाराष्ट्रातल्या घराघरांत हेच वाक्य म्हटलं जातं. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मला कळलंही नाही. तिने मात्र मान वर करून विचारलं होतं, "प्रॉमिस?" आणि मी घाईघाईने म्हटलं होतं, "हो, प्रॉमिस. आता उरलेले तीस टाक बरं."

चाचणीच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखत होतं. मी ओवा दिला आणि गाडीत बसवलं. ती सुंदर खेळली. आई म्हणून नाही सांगत, तिथल्या दोन कोचनी एकमेकींकडे पाहिलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. फक्त खेळताना ती एकदाही हसली नाही. मी मनाशी म्हटलं, आता पोरगी सिरियस झाली.

तीन आठवड्यांनी ईमेल आलं. निवड झाली होती. मी किचनमध्ये एकटीच ओरडले. नवऱ्याला फोन केला, पुण्याला आईला फोन केला, हळदीकुंकवाच्या ग्रुपवर टाकलं, आणि केळं घालून शिरा करायला घेतला. लेक शाळेतून आली. मी तिला मिठी मारून बातमी सांगितली. तिने एकदम मोठा श्वास सोडला, असा की तिचं सगळं अंग सैल पडलं. मला वाटलं, आनंदाने.

वाटीत शिरा घेऊन ती स्टुलावर बसली. दोन चमचे खाल्ले आणि विचारलं, "सो आय कॅन स्टॉप नाऊ, राइट?"

"काय थांबवू शकतेस?"

"फुटी अँड बास्केटबॉल. यू सेड. अ‍ॅडमिशन झाली की मोकळी." ते शेवटचं तिने मराठीत म्हटलं, अगदी माझ्या सुरात. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पेपर संपलेल्या मुलीसारखी ती मला फक्त खात्री करून विचारत होती.

मी ओट्याकडे वळले आणि कढईत उगाच चमचा फिरवत राहिले, कारण मला रडू फुटलं होतं. मला जे कुणीतरी बंद करायला लावलं होतं ते मी तिला मुक्तहस्ते द्यायला निघाले होते, आणि दिलं ते अशा रीतीने की ते संपल्याचा तिला आनंद व्हावा. आईने माझे बूट माळ्यावर ठेवले तरी माझी खेळायची इच्छा तिने कधी काढून घेतली नव्हती. ते काम मी केलं होतं, आणि वर कौतुकाने शिरा करत होते.

"हो," मी म्हटलं. "थांब. मी प्रॉमिस केलं होतं." मग तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "माझं चुकलं गं. खूप चुकलं."

तिने माझ्याकडे जरा घाबरूनच पाहिलं. आमच्या घरात आई असं म्हणत नाही. "इट्स ओके, आई," ती म्हणाली आणि शिरा संपवला.

त्या कॉलेजला मी नकार कळवला. ग्रुपवर बऱ्याच जणींनी वेड्यात काढलं, ते चालायचंच. तिने घराजवळचं कॉलेज निवडलं, कारण तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणी तिथे जाणार होत्या आणि सकाळी आठपर्यंत झोपता येणार होतं. या दोन्ही गोष्टींसाठी माझ्या लिस्टमध्ये रकाना नव्हता.

मग ड्राइव्हवे गप्प झाला. एक महिना, दोन, पाच. चेंडू गराजमध्ये सायकलीच्या मागे पडून होता, त्यातली हवाही गेली असावी. शेजारच्या आजोबांनी एकदा विचारलं, "ऑल राइट, इज शी?" मी म्हटलं, ठीक आहे. ती खरंच ठीक होती. चित्रं काढायची, मैत्रिणींशी फोनवर खिदळायची. मीच रोज संध्याकाळी भाजी चिरताना कान देऊन असायचे. हवा भरून चेंडू दारात ठेवावा असं शंभरदा वाटलं. नवरा म्हणायचा, "हात लावू नकोस." त्याचं हे ऐकणं मला फार जड गेलं, पण ऐकलं.

जानेवारीअखेर नवं कॉलेज सुरू झालं. मे महिन्यात एका संध्याकाळी ती उशिरा घरी आली, गुडघा फुटलेला, मोज्यांना चिखल. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं. मुलींच्या टीमला एक खेळाडू कमी पडत होती, मैत्रिणीने ओढून नेलं. "वुई गॉट स्मॅश्ड," ती म्हणाली आणि खो खो हसली. सगळ्या टीम त्यांना हरवत होत्या, कारण यांच्याकडे मोठ्या मुलीच नव्हत्या. बास्केटबॉलमध्येही तेच. दोन्हीकडे त्या शेवटच्या होत्या.

"किती..." माझ्या तोंडून निघालंच. मी वाक्य गिळलं आणि म्हटलं, "किती लागलंय ते बघू."

तिला कळलं. तिने मला गुडघा धुऊ दिला. मग खाली बघतच म्हणाली, "थर्सडे आर्व्होला, शाळा सुटल्यावर, मॅच आहे. यू कॅन कम. बट डोन्ट राइट एनीथिंग डाउन."

गुरुवारी मी ऑफिसातून निघून मैदानावर गेले. पर्स मुद्दाम गाडीत ठेवली, फोनही. झोंबरा वारा होता. मी कुंपणाशी उभी राहिले. पाच-सहा मिनिटांनी चेंडू तिच्या हातून साफ निसटला, समोरच्या मुलीने तो उचलून लांब मारला, आणि लेकीने वळून कुंपणाकडे पाहिलं. आधी माझ्या हातांकडे, मग माझ्या तोंडाकडे. मग दात काढून हसली आणि चेंडूमागे पळाली.