माणिकवन्संची चारशे बारा झाडं

माणिकवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. इकडे हिंदी मुलखात, विकास नगरच्या आमच्या गल्लीत, त्यांना सगळे ‘पेड़वाली बुआजी’ म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या एका संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींची चित्रं काढली. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहून आता कुणाचं काही सुधारणार नाही.

मिरजेहून त्या एकट्या आल्या, एकोणसत्तर साली, जाहिरात वाचून. हुद्दा ‘आर्टिस्ट’. तीन वर्षांनी धाकट्या भावाला, म्हणजे ह्यांना, बोलावून घेतलं. ह्यांचं कॉलेज त्यांनी केलं, संस्थेच्या स्टोअरमधली नोकरी त्यांनी मिळवून दिली, आणि माझ्या माहेरी बोलणी करायलाही त्याच आल्या होत्या. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. विचारलं तर म्हणायच्या, “अगं, मुळं काढता काढता वेळ गेला.”

मुळांवर त्यांचा फार जीव. औषध मुळात असतं, म्हणून चित्रात मूळ शेवटच्या तंतूपर्यंत यायला हवं. पानाला एक दिवस दिला तर मुळाला तीन. कागदाच्या तळाशी, मुळाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात बारीक शाईत ‘माणिक’ अशी सही. मराठीत. साहेब लोक शोधनिबंध लिहीत, त्यात ही चित्रं छापत, पण चित्रकाराचं नाव देण्याची रीत तिथे नव्हती. कागदावरची सही तेवढी त्यांची.

२००३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढच्या वर्षी विभागप्रमुख डॉ. रस्तोगींनी बोलावणं धाडलं. जुनी इमारत रिकामी करायची होती. चित्रांचे कागद कपाटांत पडून होते, त्यांचा ग्रंथ काढायचं घाटत होतं.

“माणिक जी, आपसे अच्छा कौन करेगा,” असं म्हणाले. “ऑफिस के सिस्टम तो सब बिजी हैं. आप घर पर स्कैन कर दीजिए. पंद्रह अगस्त तक कमरा ख़ाली करना है.”

“और नाम?” वन्संनी तिथल्या तिथे विचारलं होतं.

“अरे, नाम तो आप ही का होगा!”

घरी येऊन त्यांनी मला हे तीनदा सांगितलं. देवापुढे साखर ठेवायला लावली. एरवी माझ्या पूजेला त्या ‘तुझं घंटी-खातं’ म्हणायच्या.

संस्थेने स्कॅनरही दिला, पण कसला? निर्लेखित झालेला, रद्दीत निघालेला. पाटाएवढा, मळकट, मागे बोटभर रुंदीची वायर, जी प्रिंटरच्या जागी खोचायची. आमच्या मुलीचा, सावनीचा, संगणक नवा होता. त्यातल्या विंडोजने त्या स्कॅनरला ओळखच दिली नाही. सोबतची फ्लॉपी जुन्या विंडोजची होती. कपूरथला चौराह्यावरचा दुकानदार हसला, “आंटी, इसको कबाड़ में दे दीजिए.”

सावनी तेव्हा अकरावीत. ती म्हणाली, “बुआ, नया ले लो ना, यूएसबी वाला.”

वन्सं म्हणाल्या, “मी जुनी आहे म्हणून मलाही बदलणार का गं?”

एका मासिकाबरोबर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी आली होती, ती त्यांनी संगणकात घातली. वय एकसष्ट. मी रोज सकाळी पोथी वाचायला बसायची, पलीकडे त्यांची पोथी सुरू असायची. पहिले आठ दिवस पडद्यावर एकच उत्तर, कुठलाही स्कॅनर सापडला नाही. सायबर कॅफेत जाऊन त्यांनी लिनक्सवाल्यांच्या कुठल्याशा ई-मेल यादीवर प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाचं लांबलचक उत्तर आलं. स्कॅनर उलटा करून बघा, खाली वाहतुकीचं कुलूप असतं, ते उघडलंय का? नव्हतं उघडलं! एवढ्याशा स्क्रूने आत दिवा जखडून ठेवला होता.

मग एकेक करत गेल्या. संगणक सुरू होतानाच डिलीटचं बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि वायर खोचायच्या जागेची, पोर्टची, पद्धत ईपीपी करायची. प्रिंटरचा प्रोग्राम ते पोर्ट अडवून बसतो, त्याला आधी उठवायचं. मग सेटिंगच्या फाइलमध्ये आपल्या यंत्राच्या ओळीपुढची फुली-चौकट, म्हणजे # ही खूण, काढायची. “ती असली की संगणक ती ओळ वाचतच नाही,” त्या मला सांगायच्या, “असून नसल्यासारखी.” वायर चालू यंत्रात काढायची-घालायची नाही, नाहीतर पोर्ट जळतं. हे सगळं त्यांनी आमच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवलं. ह्यांना राग आला. वन्सं म्हणाल्या, “कागद जाड आहे रे चांगला.”

ज्या दिवशी दिवा पहिल्यांदा सरकला त्या दिवशी घर्र घर्र असा आवाज आला आणि मला वाटलं मिक्सर बिघडला. धावत गेले तर वन्सं टाळ्या वाजवत होत्या. चाचणीला काचेवर ठेवलेलं हिरवं पान पडद्यावर इंच इंच करत उतरत होतं.

एकदा त्यांनी मला त्या स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रामचा मजकूर उघडून दाखवला. वर नुसती नावंच नावं होती.

“हे कोण?”

“ज्यांनी लिहिलं ते. हा बघ, ह्याने एक ओळ दुरुस्त केलीय. एकच. तरी त्याचं नाव आहे.”

किती वेळ त्या ती यादी वाचत होत्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्या बाईला आयुष्यभर काय हवं होतं.

ज्येष्ठातल्या मंगळवारी चित्रांचा पहिला गठ्ठा आला. बाहेर चौकात इकडच्या रीतीप्रमाणे हनुमानाचा भंडारा चालू होता, रिक्षा पुरी-भाजीच्या रांगेत अडकली आणि वन्सं गठ्ठा डोक्यावर घेऊन चालत आल्या. गेटपासवर लिहिलं होतं, ‘पुराने चित्र, पच्चीस अदद’, म्हणजे पंचवीस नग. एक गठ्ठा परत केला की दुसरा. असे एकूण चारशे बारा.

पहिल्याच चित्राला अडचण निघाली. कागद काचेपेक्षा तीन बोटं लांब. वरचं फूल बसवलं तर मूळ कापलं जाई. मूळ बसवलं तर फूल. कागद तिरका करून, कडा दाबून बघितल्या. शेवटी असं जमलं की फूल वरच्या कडेला टेकवायचं, म्हणजे मुळाचा शेवटचा तंतू खालच्या कडेला पुरा येतो. राहते ती फक्त खालची मोकळी पट्टी. सहीची.

“वन्सं, सही बाहेर राहतेय,” मी म्हटलं.

“दिसतंय मला.”

“मग दोनदा घ्या ना. एकदा वरचं, एकदा खालचं.”

“एकेका चित्राला पाऊण तास लागतो, त्यात वीज जाते. पंधरा ऑगस्टला खोली रिकामी होणार. झाडं आधी पुरी होऊ दे. सह्यांच्या पट्ट्या दुसऱ्या फेरीत. मूळ कागद कुठे पळून जाताहेत?”

झाकण नीट बसत नव्हतं म्हणून वर ठेवायला वजन हवं होतं. एक दिवस बघते तर माझी चंदनाची सहाण!

“वन्सं, ती देवाची सहाण आहे.”

“मग देवाच्याच झाडावर ठेवलीय. तुझा देव काय फक्त देव्हाऱ्यात राहतो?”

मी धुऊन परत घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी मी पाटा-वरवंट्यातला वरवंटा नेऊन दिला. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवसांत देवदर्शन, भाजी, पाहुणे यांच्या बरोबरीने आकडे आहेत. आज पाच. आज सात. आज वीज नाही, एक. आज वन्संना ताप, तरी तीन. उन्हाळ्यात त्या खोलीत पंखा लावता येत नसे, कागद उडत. घामाचा थेंब पडू नये म्हणून त्या कपाळाला टॉवेल बांधून बसायच्या.

बारा ऑगस्टला शेवटचं चित्र झालं. सगळ्या सीडी रस्तोगींना दिल्या आणि दुसऱ्या फेरीसाठी गठ्ठे मागितले. ते म्हणाले, शिफ्टिंग होऊ द्या. मग म्हणाले, नव्या इमारतीत कपाटं लागू द्या. वन्सं दर महिन्याला जात राहिल्या. दीड वर्ष.

एक दिवस शिपायाने सांगितलं, “वो काग़ज़? वो तो कब के चले गए, बुआजी.”

समिती बसली होती. जुन्या सामानाची यादी झाली, चित्रांपुढे शेरा पडला की संगणकावर घेतली आहेत, कागद नष्ट करण्यास हरकत नाही. भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि घेऊन गेला. यादीवर तीन सह्या होत्या. तिसरी स्टोअरची. ह्यांची.

“मी बघितलं नाही गं ताई,” हे म्हणाले. “चाळीस पानांची यादी होती. खुर्च्या, पंखे, त्यात कुठेतरी...”

वन्सं म्हणाल्या, “असू दे. ग्रंथात नाव येईल.”

मला तेव्हा त्यांचं मोठेपण वाटलं. आता वाटतं, ओरडायला हवं होतं त्यांनी.

ग्रंथ २००७ च्या डिसेंबरात निघाला. सभागृहात समारंभ झाला, आम्ही सगळे गेलो. वन्संनी मोरपंखी पैठणी नेसली, तिच्या घड्या पडलेल्या होत्या. संपादक म्हणून रस्तोगींचं नाव. चित्रं: संस्थेचा संग्रह. आणि आभाराच्या पानावर शेवटून दुसरी ओळ, स्कॅनिंगच्या कामी मदत केल्याबद्दल श्रीमती माणिक. आडनावसुद्धा नाही.

मंचावरून पुकारा झाला, “हमारी पुरानी सहयोगी, जिन्होंने बड़ी मेहनत से स्कैनिंग की...” शाल घेऊन कुणी उभं होतं. वन्सं खुर्चीतून हलेनात. हे वाकून कुजबुजले, “जा ताई, सगळे बघताहेत. घेऊन टाक.”

त्या गेल्या. शाल घेतली. हसल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी रस्तोगींकडे गेल्या, मला बरोबर नेलं. ते आधी गोड बोलले, चहा मागवला. मग म्हणाले, “माणिक जी, सेक्शन में तीन आर्टिस्ट रहे हैं. बाक़ी दोनों तो गुज़र गए. कौन-सा चित्र आपका है, यह मैं कैसे लिख दूँ? साइन कहाँ है? आपने ही तो स्कैन किया है.”

वन्सं कप तसाच ठेवून उठल्या.

घरी त्यांनी ह्यांना समोर बसवलं. “सुबोध, तू एक पत्र लिही. तू तिथे एकतीस वर्षं आहेस, मला चित्रं काढताना बघितलंयस. मूळ कागदांवर माझी सही होती आणि ते कागद नष्ट झाले, एवढंच लिही.”

“तेच तर लिहिता येत नाही ताई. नष्ट कुणी केले विचारतील. माझी सही आहे. चौकशी लागेल. चार वर्षं राहिलीत माझी.”

“आणि माझी किती राहिलीत?”

हे उठून गच्चीवर गेले. वन्सं माझ्याकडे वळल्या. “वसुधा, मग तू लिही. तू रोज बघितलंस. सही बाहेर राहतेय हे तूच पहिल्यांदा म्हणालीस.”

मी म्हटलं, “ह्यांना विचारून सांगते.” आणि मग, गप्प राहवेना म्हणून, “वन्सं, देवाला सगळं ठाऊक आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “देव पुस्तकं छापत नाही, वसुधा.”

मी ह्यांना विचारलं. ते नको म्हणाले. मी लिहिलं नाही. वन्संनी पुन्हा मागितलंही नाही.

त्यानंतर चार वर्षं त्या आमच्याच घरात राहिल्या, पण वरच्या मजल्यावर, स्वतःची चूल मांडून. गणपतीत खाली येत, आरतीला उभ्या राहत, प्रसाद घेऊन जात. भावाला भाऊबीजेला ओवाळत. एका शब्दाने कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. ह्यांना वाटे, ताई विसरली. मला म्हणायचे, “बघ, काळ हेच औषध.” चित्र मात्र त्यांनी पुन्हा एकही काढलं नाही. सावनी म्हणायची, “बुआ, मेरे लिए एक गुलाब बना दो.” त्या म्हणायच्या, “माझे डोळे गेले गं.” डोळे गेले नव्हते. तांदळातला खडा त्यांना माझ्याआधी दिसायचा.

२०११ च्या नोव्हेंबरात हृदयाचं निमित्त झालं. दोन दिवस दवाखान्यात होत्या. फॉर्मवर व्यवसाय विचारला होता. ह्यांनी ‘निवृत्त’ लिहिलं. वन्संनी पेन मागितलं आणि पुढे ‘चित्रकार’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. मी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत होते. त्यांना तो ऐकायचा होता की नाही, विचारायचं राहिलं.

पुढच्या मार्चमध्ये हे निवृत्त झाले. निवृत्तीवेतन सुरळीत सुरू झालं आणि जुलैत ह्यांनी पत्र लिहिलं. तीन पानी. सगळं खरं लिहिलं होतं, स्वतःच्या सहीचंसुद्धा. मला वाचून दाखवलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. चार ओळी. आपले पत्र मिळाले. अभिलेखांत सदर चित्रांच्या कर्त्याची नोंद नाही. संबंधित व्यक्ती हयात नसल्याने पडताळणी शक्य नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

ह्यांनी कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवला. “माझ्याकडून मी केलं,” असं म्हणाले. “आता ताईच्या आत्म्याला तक्रार राहणार नाही.”

चहाचा कप मी रोज ह्यांच्या हातात देते. त्या दिवशी टेबलावर ठेवला आणि आत गेले. ह्यांनी हाक मारली, “साखर कमी आहे गं.” मी ओ दिली नाही.