पाचव्या मिनिटाला पंखा सुरू झाला

परीक्षा संपली की आई माझ्या वह्या पुसायला बसायची. वर्षभर मी पेन्सिलीनं लिहायचो, कारण पेननं लिहिलेलं पान परत वापरता येत नाही. जुन्या स्लिपरच्या टाचेचा कापलेला तुकडा, हाच आमचा खोडरबर. तो घेऊन आई ओसरीत बसायची आणि एकेक पान कोरं करायची. भूगोल, इतिहास, विज्ञान, सगळं एकाच हातानं जायचं. तिला अक्षरओळख नव्हती. पान जरा काळपट व्हायचं, पण जूनमध्ये त्यावर पुढची इयत्ता सुरू करता यायची.

बोरी गावात आमची दीड एकर कोरडवाहू. वडील सीझनला जिंतूरच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायला जायचे, आई दुसऱ्याच्या रानात वेचणीला. त्यातून मी परभणीला बीएस्सी फिजिक्स केलं, मग बीएड. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बढाई मारतोय. मारतोच. कमावलेली आहे.

पण पुसायची सवय हाताला तेव्हापासून लागली, आणि ती एका मुलीच्या मुळावर आली होती. ते सांगायचंय.

मी परभणीबाहेर एका इंटरनॅशनल शाळेत फिजिक्स शिकवतो. अभ्यासक्रम इंग्लंडच्या बोर्डाचा. जिल्ह्यातले डॉक्टर, प्राध्यापक, गंगाखेडकडचे मोठे ऊसवाले यांची मुलं तिथं येतात. मी नोकरीला लागलो तेव्हा गावात पारावर विचारणा झाली, "तिथं गोऱ्या बाया शिकवतेत का रं?" मी म्हणालो, "न्हाई, बोरीचा काळा मास्तर शिकवतो." अख्खा पार आठवडाभर हसत होता.

आपल्या बोर्डाच्या आणि ह्या बोर्डाच्या परीक्षेत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात, चहा होतो, जर्नल चाळलं जातं, दोन प्रश्न तोंडी विचारतात. इथं कोणी येत नाही. मुलाचा पेपर पाकिटात बंद होऊन इंग्लंडला जातो. तिथं मुलाला कधीही न पाहिलेला माणूस तो तपासतो. त्याच्या हातात मार्क स्कीम असते, म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे याची यादी. रीडिंग सगळी लिहिली का, एक मार्क. युनिट लिहिलं का, एक मार्क. कुठं चूक होऊ शकली ते सांगितलं का, दोन मार्क. अक्षर सुंदर आहे का, याला मार्क नाही.

मी ही यादी वाचली होती. पाठही होती. पण वाचणं वेगळं आणि हाडात मुरणं वेगळं. माझ्या हाडात कॉलेजचं जर्नल मुरलेलं होतं. आमच्या वेळी सीनिअरचं जर्नल समोर ठेवून रीडिंग उतरवायची पद्धत होती. आलेख असा यायचा की बघत राहावं. माझ्या जर्नलला पैकीच्या पैकी मार्क पडले होते आणि सरांनी ते वर्गात फिरवलं होतं. तो दिवस मला अजून आठवतो. नवा शर्ट नव्हता, पण ताठ बसलो होतो.

तेच मी दोन वर्षं पहिल्या बॅचच्या चौदा मुलांना शिकवलं. "पॉइंट रेषेवर बसला पाहिजे. नाही बसला तर काहीतरी चुकलंय. खोडा, नीट करा." मुलं गुणी. खोडायची, नीट करायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मॉक परीक्षा झाली. मॉक म्हणजे खऱ्या परीक्षेआधीची सराव परीक्षा, पण आमच्याकडे तिला वजन होतं. संस्थेकडं पुढच्या दोन वर्षांसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, एक मोफत जागा होती, आणि अट अशी की मॉकला तिन्ही सायन्सच्या प्रॅक्टिकलला किमान बी ग्रेड पाहिजे. त्या जागेची गरज एकाच मुलीला होती. अश्विनी. शाळेच्या बोरी रूटच्या बसचे ड्रायव्हर मदनराव, आमच्याच गावचे, त्यांची मुलगी. कर्मचाऱ्यांच्या मुलांची फीमाफी दहावीपर्यंतच होती. केमिस्ट्री आणि बायोलॉजीत तिला ए मिळाला होता. फिजिक्स राहिलं होतं.

प्रयोग सोपा होता. बीकरमध्ये गरम पाणी, त्यात थर्मामीटर. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं, दहा मिनिटं. मग आलेख काढायचा. पाणी आधी भराभर थंड होतं, मग हळूहळू. आलेख घसरगुंडीसारखा गुळगुळीत येतो. सगळ्या मुलांनी माझ्या बेलवर एकदम सुरुवात केली. लाईट नव्हती. आमचा जनरेटर ऑफिस आणि स्मार्ट बोर्डपुरता, लॅबला नाही.

मी त्याच संध्याकाळी पेपर तपासले. तेरा आलेख पाहून जीव सुखावला. जणू पुस्तकातून कापून चिकटवले होते. चौदावा अश्विनीचा. तिचा आलेख निम्म्यापर्यंत नीट आला होता आणि मग एकदम कोपरा काढून खाली गेला होता. समासात पेननं इंग्रजीत लिहिलेलं: पाचव्या मिनिटाला पंखा सुरू झाला. मी शेरा मारला, 'केअरलेस'. वीसपैकी नऊ. ग्रेड डी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मदनरावांनी मला बसपाशी गाठलं.

"सर, एक मिनिट. पोरगी रातच्याला जेवली न्हाई."

"मदनराव, मार्क मी देत नाही, पेपर देतो. आलेख चुकलाय तिचा."

"मला त्यातलं काय कळतंय? ती म्हणायलीय, थर्मामीटरात जे दिसलं ते लिवलं. मी म्हणलो, बाई, सरांला पायजे तसं लिवायचं की मग! तर माझ्यावरच डाफरायली."

बसमध्ये खिडकीशी अश्विनी बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "खोडलं का नाहीस?"

"सर, मी दोनदा बघितलं. तेवढंच होतं."

"बाकीच्यांचं बरोबर कसं आलं मग?"

ती काही बोलली नाही. मित्रमैत्रिणींची नावं घेणारी मुलगी नव्हती ती. मला मात्र वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहे.

चार दिवसांनी पुण्याहून बर्वे बाई आल्या. आमच्या पद्धतीत मॉडरेशन असतं. म्हणजे एका शिक्षकानं तपासलेले पेपर दुसऱ्यानं पुन्हा तपासायचे, मोजमाप सारखं राहावं म्हणून. बाईंची पूर्ण हयात अशा शाळांत गेलेली. आवाज कधी चढायचा नाही, पण मोजूनमापून बोलायच्या. त्यांनी सगळ्यात जास्त मार्कांचे दोन पेपर, मधले दोन आणि सगळ्यात कमीचा एक असे पाच पेपर टेबलावर शेजारी शेजारी मांडले. शेजारी आमच्या प्रिन्सिपल मॅडम बसल्या होत्या. मी उभा.

"सर, तुमच्या लॅबमध्ये पंखे किती?"

"चार, मॅडम."

"मग पंखा फक्त हिच्याच डोक्यावर फिरला का?"

मला आधी कळलंच नाही. मग मी टेबलावरचे पाचही आलेख पुन्हा पाहिले.

"लाईट आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"लॅबमध्येच."

"काय केलंत?"

काय केलं होतं मी? परीक्षा चालू असताना चारही पंखे एकदम फिरायला लागले होते. मी म्हणालो होतो, "आली बाबा एकदाची!" आणि कॉलर मागं ओढून मधल्या पंख्याखाली उभा राहिलो होतो. वाऱ्यानं मला गार वाटलं होतं. चौदा बीकर्समधल्या पाण्यालाही वाटलं असणार, हे बीएस्सी फिजिक्सवाल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

बाई म्हणाल्या, "वारा लागला की पाणी जास्त वेगानं थंड होणार. आलेखात कोपरा यायलाच हवा होता. तुमच्या तेरा मुलांनी न घडलेला प्रयोग लिहिलाय, एकीनं घडलेला. तुम्ही मार्क कुणाला दिलेत?"

त्यांनी मार्क स्कीम लावून अश्विनीचा पेपर माझ्यासमोर तपासला. सतरा. मग वरचा पेपर घेतला, ज्याला मी एकोणीस दिले होते. कागद उजेडाला धरला. पाचव्या मिनिटानंतरची सगळी रीडिंग खोडून पुन्हा लिहिलेली होती. तो नऊवर आला. बाकीचे पेपरही त्यांनी तसेच तपासले, नवे आकडे मला लिहून दिले आणि माझ्या मार्कशीटखाली सही केली.

संध्याकाळी संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. माणूस वाईट नाही, पण त्यांना पालकांची भीती. "सर, सोपं आहे. त्या ड्रायव्हरच्या मुलीचे मार्क वाढवा. बाकीच्यांना हात लावू नका. शीट नवी प्रिंट काढा, जुनी फाडून टाका. कुणाचंच नुकसान नाही."

खरं सांगतो, मला ते पटलं. अश्विनीला जागा मिळणार होती, माझी अब्रू राहणार होती. मी म्हणालो, "सोमवारी करतो."

रविवारी बोरीला गेलो. आई अंगणात तुरी निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, माझी एखादी शाळेतली वही आहे का गं?"

"कशाला? सगळ्या पुसल्या की रे. लय टाइम लागायचा. दाबून लिवायचास तू, मेल्या. हात दुखून यायचे."

"एक पण नाही?"

"बघ पेटीत. एक ऱ्हायली आसंल."

होती. शेवटच्या वेळी पुसलेली आणि नंतर वापरायची वेळच न आलेली. दारात नेऊन पान उन्हात तिरपं धरलं. पेन्सिलीचे वळ दिसत होते, पण सहावीचे आणि सातवीचे एकमेकांत गुंतलेले. एक ओळ लागत नव्हती. मी दहा वर्षं शाळेत जाऊन काय लिहिलं, कुठं चुकलो, कुठल्या चुकीतून शिकलो, याचा एकही कागद शिल्लक नाही.

आईला शाळेतली सगळी हकिकत सांगितली. ती सुपातले खडे काढत ऐकत होती. मग म्हणाली, "आरं, मी पुसायची ते वही नवी घ्यायला पैसा नव्हता म्हणून. तुला काय कमी पडायलंय आता?"

चहा पिऊन पाच वाजताच्या एसटीनं परत आलो.

सोमवारी मी नवी शीट प्रिंट केली नाही. जुनीच घेतली. माझ्या प्रत्येक मार्कावर पेननं एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी नवा आकडा लिहिला, सही केली. चौदा वेळा. प्रिन्सिपल मॅडमनी शीट पाहिली. "सेक्रेटरी साहेबांशी मी बोलते," म्हणाल्या आणि बर्वे बाईंच्या सहीशेजारी स्वतःची सही केली.

शनिवारी पालकसभा झाली. तेरा मुलांचे मार्क उतरलेले. एक डॉक्टर उभे राहिले. "सर, चूक तुमची. शिक्षा माझ्या मुलाला?"

"चूक माझीच आहे, डॉक्टरसाहेब. मीच त्यांना खोडायला शिकवलं. पण ही मॉक आहे. खऱ्या परीक्षेला अजून दोन महिने आहेत."

"आणि तेवढ्यात काय करणार?"

"न खोडायला शिकवणार."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "म्हणजे आता चुका करायला फी भरायची का?" सभा हसली. डॉक्टर हसले नाहीत, पण खाली बसले. ते म्हणाले, "उद्या पेशंटचा ताप आमचा मुलगा असा खोडून लिहायला लागला तर अवघड आहे."

मदनराव सभेला आले नव्हते. बसपाशी उभे होते. त्यांना सांगितलं, "अश्विनीला सतरा आहेत. ए ग्रेड. जागा तिची झाली. नऊ मी चुकून दिले होते."

ते बसची काच पुसत म्हणाले, "मग तिला सांगा की तसं, सर. माझं ऐकती का ती?"

मी तिला वर्गात सांगितलं, तेराजणांसमोर. ती म्हणाली, "ओके सर." एवढंच. पोरगी बोरीची आहे, जास्त बोलत नाही.

त्या दोन महिन्यांत आम्ही तेच प्रयोग पुन्हा केले. रीडिंग पेननं लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर दप्तरात. मी मुद्दाम मधेच पंखा लावायचो, खिडकी उघडायचो, कधी कुणाच्या बीकरला धक्का द्यायचो. मुलं वैतागायची, पण लिहायची. थर्मामीटर सरांचा मान ठेवत नाही. मुलं ठेवतात, सगळा घोळ तिथंच होतो. हे मला नोकरीत फार उशिरा कळलं, पण कळलं.

ती मार्कशीट प्रिन्सिपल मॅडमच्या कपाटात आहे. नवे शिक्षक रुजू झाले की मी त्यांना ती दाखवतो. माझे चुकलेले चौदाही आकडे अजून नीट वाचता येतात.

पहिल्या बॅचची चौदाही मुलं प्रॅक्टिकलला पास झाली. अश्विनीनं पुढची दोन वर्षं मोफत जागेवर पूर्ण केली. आज ती पुण्यात फिजिक्सच्या बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मदनरावांच्या घरातली कॉलेजात गेलेली ती पहिली आहे.