न टोचलेल्या लसीचा शिक्का

मला निरोप द्यायला पुणतांब्याच्या स्टेशनावर चाळीसएक माणसं जमली होती आणि मी नेमका कुठं चाललोय हे त्यातल्या दोघांनाही धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे अमेरिका, कुणी म्हणे जर्मनी. सरपंचांनी झेंडूचा हार घालून भाषण ठोकलं. एकाहत्तरचा उन्हाळा, मनमाडकडची गाडी दीड तास उशिरा, आणि मी लोकरीच्या सुटात घामानं निथळत उभा. तो सूटही गावाच्याच आग्रहाचा. विलायतेला जाणारा माणूस साध्या शर्टात गेला तर म्हणे गावाची अब्रू जाते.

उपदेश तर विचारू नका. जो जन्मात नगरच्या पलीकडं गेला नव्हता तो सांगत होता, "तिकडचं पानी बाधतंय, उकळूनच पी." सुंठ, ओवा, हिंग यांच्या पुरचुंड्यांनी माझे दोन्ही खिसे फुगले. आजारी पडलास तर सरळ डॉक्टरकडं जा, एवढं मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढे कामाचं बोलले असं तेव्हा वाटलं. म्हणाले, "कागद संभाळ. मानसाला कुनी इचारीत न्हाई, कागदाला इचारत्यात." तलाठ्याच्या दारात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्या कागदांतला सगळ्यात मोलाचा कागद आणला होता भाऊसाहेब मामानं. हा आईचा धाकटा भाऊ नगरला राहायचा, आणि ‘आपली ओळख आहे’ हे त्याचं आयुष्यभराचं भांडवल. परदेशी जायचं तर देवीची लस टोचल्याचं कार्ड लागायचं. त्याशिवाय विमानात घेत नसत. लस टोचली की दंड सुजतो, दोन दिवस ताप येतो. म्हणून मामानं एका कंपाउंडरला गाठून माझ्या कार्डावर परस्पर तारीख आणि शिक्का मारून आणला. स्टेशनावर ते कार्ड सगळ्यांपुढं नाचवत म्हणाला, "भाच्याच्या अंगाला सुई लागू दिली न्हाई आपन." त्यानं गावातून देवीचा रोगच हाकलून दिल्यासारखे लोक त्याच्याकडं बघायला लागले. मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना अडाणी म्हणत होतो. कार्ड मात्र मुकाट्यानं खिशात घातलं.

इंग्लंडात मी एका कारखान्यांच्या गावात ड्रॉइंग ऑफिसात लागलो. दोन खोल्या, भिंतीवर नाणी खाणारा गॅसचा मीटर, आणि वर्षभरानं आलेली माझी बायको सुमन. शनिवारी आम्ही मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमायचो. सहा महिन्यांपूर्वी आलेला माणूससुद्धा तिथं ‘तुमच्या इंडियात ना’ अशी सुरुवात करायचा. इंडियात शिस्त नाही, इंडियात स्वच्छता नाही, इंडियात शिक्क्याशिवाय पान हलत नाही. हे बोलत बोलत श्रीखंड संपवायचं आणि बसमध्ये जागा देताना कुठला गोरा किती हसला ते एकमेकांना सांगायचं. आईवडिलांना बोलवायचं असलं की या मंडळींकडून सल्ला मिळे: लोकरीचे मोजे आणायला सांगा, लोणच्याची बरणी नीट बांधायला सांगा. लस खरोखर टोचून घ्यायला सांगा, असं कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? बहुतेकांच्या गावी एकेक भाऊसाहेब मामा होताच.

सुमनला दिवस गेले तेव्हा, त्र्याहत्तरमध्ये, मी आईला बोलावलं. आईला आम्ही सगळी भावंडं बाई म्हणतो. दुष्काळाचं साल होतं, गुरं छावणीवर होती, तिचा पाय निघत नव्हता. मी पत्रांवर पत्रं घातली. मामालाही एक घातलं, आणि त्यात माझ्या हातानं लिहिलं, "कार्डाचं तेवढं माझ्या वेळेसारखंच करा. बाईला ताप नको." गावावर आणि मंडळींवर एवढं तोंडसुख घेतल्यावर ही ओळ लपवली तर मला लाज वाटली पाहिजे.

बाई आली आणि आठव्या दिवशी तापानं फणफणली. दुसऱ्या दिवशी कपाळावर आणि गळ्यावर पुटकुळ्या दिसल्या. सुमनला सातवा महिना. तिला घरी ठेवून मी बाईला टॅक्सीत घातलं आणि इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. हिंदुस्थानातून आलेली बाई, ताप, अंगावर फोड, एवढं कळताच त्यानं दार लावून घेतलं आणि दोन पावलं मागं सरकला. मी कार्ड पुढं केलं. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख पाहून त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं विचारलं, लस नक्की टोचली होती ना? तसं असेल तर देवीची भीती नाही, कांजिण्या असतील, घरी घेऊन जा.

मी बाईला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई रं. भाऊसाहेबानं नुस्ता शिक्का आनला. म्हनला, आक्का, तुला कशाला तरास. मी कुटं गेलेच न्हाई टोचायला."

मी डॉक्टरला म्हणालो, "यस."

का म्हणालो? खोट्या कार्डावर आणली हे कळलं तर बाईला परत पाठवतील, माझी चौकशी होईल, नोकरी जाईल, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. घरी सुमन होती, तिच्या पोटात मूल होतं, आणि मी काय घरी घेऊन चाललोय हे मला माहीत नव्हतं. तरी म्हणालो. अण्णांचा मुलगा शोभलो, कागद संभाळला.

डॉक्टर लिहायला लागला. बाई त्याच्याकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"काय सांगितलंस त्याला?"

"तू बोललीस तेच."

"मी येवढं बोलले अन् तू येकच शबुद बोललास?"

बाईच्या अंगावर माझा जुना कोट होता. तिनं तो काढला, पोलक्याची बाही वर सारली आणि दंडावरचे लहानपणचे दोन जुने वण डॉक्टरला दाखवले. मग हात कमरेखाली नेऊन, एवढीशी होते तेव्हाचं, अशी खूण केली. टेबलावरचं कार्ड उचललं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि नाही नाही म्हणून मान हलवली. थरथरत होती तापानं, पण समजावून सांगितल्याखेरीज बसली नाही. डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी माझ्या गावाकडं ज्या नजरेनं बघत आलो तीच ती नजर होती. त्यानं फोन उचलला.

तिला गावाबाहेरच्या संसर्गाच्या इस्पितळात नेलं. एकटीला, एक शब्द इंग्रजी येत नसताना. आरोग्य खात्याचा माणूस आमच्या खोल्यांत औषध फवारून गेला. जाताना त्यानं मला विचारलं, तुमचं स्वतःचं कार्ड खरं आहे का? ओठांवर ‘यस’ तयारच होतं. बाई आता बाही सारायला नव्हती. मी "नाही" म्हणालो आणि मला तिथंच टोचलं. दंड सुजला, ताप आला. जो दोन दिवसांचा ताप वाचवायला मामानं आणि मी एवढं केलं, तो इतका साधा होता की चीड आली.

चार दिवसांनी निकाल आला, कांजिण्याच होत्या. सुमनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गरोदरपणात त्याही हलक्या नसतात, सासू लांब राहिली ते बरं झालं. बाई अकरा दिवस तिथं होती. मी काचेबाहेर उभा राहायचो, ती आतून हातवारे करायची, जेवणाला चव नाही असं सांगायची. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं त्या गोष्टीचा विषयच काढला नाही, आणि ते मला फार लागलं. अजून लागतं.

शनिवारच्या मंडळींपैकी त्या दिवसांत एकही दाराशी फिरकला नाही. पुढच्या बैठकीला मात्र भर उन्हाळ्यात सगळे पुऱ्या बाह्यांचे शर्ट घालून आले होते आणि वाटी उचलताना कण्हत होते. कुणी कुणाला काही विचारलं नाही. गावाकडून मामाचं पत्र आलं. बाईला राणीच्या सरकारानं अकरा दिवस स्वतंत्र बंगल्यात ठेवलं, दिमतीला गोऱ्या नर्सा दिल्या, असं त्यानं पारावर जाहीर केलं होतं. आणखी तिघं कार्डासाठी त्याच्याकडं येऊन गेल्याचंही अभिमानानं लिहिलं होतं.

मुलगी झाली. तिला दोन महिने न्हाऊमाखू घालून बाई परत गेली. थांब म्हणालो तर म्हणाली, "गुरं वाट बघत्यात."

तिकडचे तुम्ही, गावाकडचे, विचारता, परत कधी येणार. इकडचे तुम्ही, शनिवारची मंडळी, विचारता, स्वतःचं घर कधी घेणार. तुम्हा दोघांबद्दलचं माझं मत काही सुधारलेलं नाही. माझ्या खोट्याला हातभार लावणारी माणसं मला पुणतांब्यातही भेटली आणि इथंही. परक्या डॉक्टरसमोर मला खोटं पाडणारं माणूस एकच, आणि ते पुणतांब्यात गुरं सांभाळतंय. माझं घर तिच्यापाशी आहे. पण आता खरंच सांगायला बसलोय तर हेही सांगतो: मी परत येत नाही त्याला नोकरी आणि पोरगी ही कारणं पुढं करतो, पण तिच्यासमोर रोज बसायची माझी छाती होत नाही.