पुढच्या दारानं

"सामान मागच्या गल्लीनं घ्या," साहेब म्हणाले.

मे महिन्याची दुपार. पद्मनाभपुरातला रस्ता तापलेला, चपलेतूनही पाय भाजत होते. फाटकासमोर ट्रक. ट्रकात आमचा संसार: लोखंडी खाटा, शेगडी, मायचा पाटा-वरवंटा, पोरांच्या पुस्तकांची ट्रंक. फाटकाच्या आत घर विकणारे साहेब. फाटकाच्या बाहेर आम्ही. आणि घर आमचं. दुर्गच्या कचेरीत रजिस्ट्री होऊन गेली होती. कागदावर माझं नाव होतं. नवऱ्याचं नाही, माझं, कारण कर्ज माझ्या पगारावर निघालं होतं.

स्वतःच्या घराबाहेर मी तासभर उन्हात उभी होते. आणि आता हा माणूस मला सांगत होता, मागून या.

मागची गल्ली म्हणजे काय ते सांगते. घरांच्या दोन रांगांमधली अरुंद बोळ. मधून उघडी नाली. तिथून सफाईवाली यायची, संडास धुवायची आणि आल्या वाटेनं परत जायची. घर बघायला आलो तेव्हा साहेबांनीच त्या बोळीत उघडणारं मागचं दार मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं. "ती घरात येतच नाही. परस्पर काम होतं."

तेव्हा आम्हाला पुढून बोलावलं होतं. बैठकीत बसवलं, पोहे दिले, वर शेव भुरभुरली. तेव्हा आम्ही आपले मराठी लोक होतो.

साहेब मला आधीपासून ओळखायचे, पण आवाजानं. मी पोलाद कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर, ते तिथलेच अधिकारी. सकाळी कानाला हेडफोन लावला की त्यांचा फोन ठरलेला. "मॅडम, जरा नागपूर लावून देता का?" नागपूरला त्यांची लेक होती. लाईन मिळायची नाही तेव्हा मी पुन्हा पुन्हा लावायची. तिला मुलगा झाला ही बातमी साहेबांच्या आधी माझ्या कानावर आली. त्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या तोंडात साखर पडो." मग कधीतरी विचारलं, "तुम्ही भंडाऱ्याकडच्या का? बोलण्यावरून वाटतं." मी हो म्हटलं. "अरे वा. म्हणजे आपल्याच."

पुढं काही त्यांनी विचारलं नाही. आमचं आडनाव कुणब्यांतही असतं आणि आमच्यातही असतं. त्यांना जे हवं ते त्यांनी धरून घेतलं. मी काही खोटं बोलले नव्हते, आणि न विचारता जात सांगत फिरायला मी काही दवंडीवाली नाही.

घर मला का हवं होतं? बाप कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड ओझी हलवणारा मजूर होता. भट्टी उभी राहिली तेव्हापासूनचा. सेक्टरमधल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या अंगणात त्यानं पेरू लावला, आंबा लावला. रिटायर झाला आणि क्वार्टर सोडावं लागलं. हातगाडीवर सामान टाकून आम्ही रुआबांध्याला एका भाड्याच्या खोलीत गेलो. गाडीमागं चालताना बाप वळून वळून पेरूकडं बघत होता. त्याच खोलीत तो गेला. क्वार्टर कितीही झाडूनपुसून ठेवा, ते आपलं नसतं. हे मला तेव्हा कळलं, आणि मी मनाशी गाठ मारली.

कर्जाचा अर्ज द्यायला गेले तर तिथला बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "आप लोगों को तो क्वार्टर मिल जाता है, फिर मकान का क्या करोगे?" आप लोगों को. मी म्हटलं, "रहेंगे." जामीन राहायला कोणी तयार होईना. शेवटी एक्सचेंजमधल्या दोघींनी सह्या दिल्या, एक मल्याळी, एक सरदारीण. मराठी एकही नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी सगळं नीट पार पडलं. सह्या झाल्या, अंगठे झाले, साहेबांनी पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात माझा दीर पोचला. तो रेल्वेत गँगमन, ड्यूटी संपवून चरोद्याहून सायकल मारत आलेला. दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "जय भीम, वहिनी."

साहेबांचं चावणं थांबलं. मी ते पाहिलं. पेढा गालात तसाच. मग त्यांनी तो गिळला, रुमालानं हात पुसले, आणि माझ्या नवऱ्याशी हात न मिळवता निघून गेले. त्यानंतर त्यांचा नागपूरचा फोन माझ्या बोर्डावर आला नाही. माझी शिफ्ट टाळून ते फोन करू लागले.

तर आता तो ताब्याचा दिवस. आम्ही ठरल्या वेळी आलो होतो. साहेबांचा मुहूर्त मात्र टळला होता, त्यांचा गुरुजी उशिरा आला. ओसरीवर पूजा मांडली होती. आधी देव निघणार, मग तुळस निघणार, मग माणसं. अंगणात एक मजूर तुळस मातीसकट खणत होता. "थांबा थोडं," साहेब म्हणाले, आम्ही थांबलो. देव ज्याचे त्याचे, त्यांनी ते सुखानं न्यावेत. मला त्याचं काही वाटलं नाही. ऊन तेवढं लागत होतं.

पण ट्रकवाला कटकट करू लागला. त्याची दुसरी फेरी होती. तेव्हा साहेब फाटकापर्यंत आले आणि नवऱ्याकडं बघून, माझ्याकडं नाही, ते मागच्या गल्लीचं बोलले.

नवरा म्हणाला, "मागून कावून, साहेब?"

उत्तर साहेबांच्या बायकोनं दिलं. ओसरीवरून, हातातलं निरांजन न ठेवता. "आमचे देव अजून इथंच आहेत हो. तुम्ही लोक पुढून आलात तर आम्हाला सगळं पुन्हा करावं लागेल. समजून घ्या ना."

गोड आवाज. त्या आवाजात विष होतं असं मी म्हणणार नाही. तिला खरंच वाटत होतं की ती रास्त बोलतेय, आणि तेच मला सहन होईना.

"मॅडम, गाड़ी पीछे ले लूँ?" ट्रकवाला.

मी तोंड उघडण्याआधी माय हलली. तिच्या हातात लुगड्यात गुंडाळलेली बुद्धाची तसबीर होती, ट्रकात फुटेल म्हणून रुआबांध्यापासून मांडीवर धरून आणलेली. ती वळली आणि बोळीकडं चालू लागली. कोणी ढकललं नव्हतं. तिला दाखवावंही लागलं नाही. गावात पाटलाच्या वाड्याला ती जन्मभर मागून गेली होती, पायांना वाट पाठ होती.

माझ्याच घरात, माझ्यादेखत, माझी माय गटार ओलांडून शिरणार होती. बापाच्या हातगाडीमागं मी चालले होते, तशी आता मायच्या मागं चालणार नव्हते.

"माय, थांब."

ती थांबली. म्हणाली, "जाऊ दे नं बाई. काय फरक पडते? घर त आपलंच हाय."

"आपलं हाय म्हणूनच," मी म्हटलं.

मी फाटकाची कडी काढली. साहेब समोर उभे होते. मी त्यांच्याशी त्याच आवाजात बोलले जो त्यांना पाठ होता, बोर्डावरचा, साफ आणि थंड. "साहेब, तासभर थांबले. आता नाही. हे दार माझं आहे. माझी आई इथून आत जाईल. तुमच्या देवांना चालत नसेल तर मागची गल्ली मोकळी आहे."

ते बाजूला झाले. घाबरून नाही. माझ्या अंगाचा स्पर्श होऊ नये म्हणून. ठीक आहे. वाट तर मोकळी झाली.

मायचा दंड धरून मी पायऱ्या चढले. गुरुजींनी धोतराचा सोगा आवरून घेतला. साहेबांची बायको रडायला लागली. माय उंबऱ्याशी अडखळली. तसबीर मी बैठकीत टेकवली, जिथं पोहे खाल्ले होते तिथंच. बाहेर नवरा ट्रकवाल्याला म्हणाला, "सामने से उतारो."

सगळं सामान पुढून आलं. पाटा-वरवंटासुद्धा.

त्यांनी जाताना अंगणात तुळशीचा खड्डा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं तो बुजवला. मी मात्र रंगाला हात लावायच्या आधी गवंडी बोलावला आणि मागचं दार विटांनी चिणून घेतलं. गवंडी म्हणाला, "बाई, हवा नई आही." वारा येणार नाही म्हणे. शेजारी म्हणाले, कचरा कुठून टाकाल? सफाईवाली कुठून येईल?

पुढून येईल. येते. तिला पहिल्या दिवशी मलाच हात धरून आणावं लागलं. माय मात्र कितीतरी दिवस सवयीनं सांडपाण्याची बादली घेऊन त्या चिणलेल्या भिंतीसमोर जाऊन उभी राहायची.

साहेबांचा फोन पुढं एकदा आलाच. दुसरी ऑपरेटर रजेवर होती. माझा आवाज त्यांनी ओळखला. मग म्हणाले, "मॅडम... नागपूर." मी लावून दिलं. ते माझं काम आहे. त्यांनी मॅडम म्हटलं म्हणून मला बरं वाटलं नाही, आणि ते बरं न वाटणं मला आवडलं.

आता एक्सचेंजमधल्या आमच्या पोरी विचारतात, ताई, घर घेताना काय बघायचं? मी सांगते. मे महिन्यात बघा, नळाला पाणी येतं का ते तेव्हाच कळतं. पटवाऱ्याकडून जमीन कोणाची ते काढून घ्या. कर्ज स्वतःच्या पगारावर घ्या आणि कागदावर नाव स्वतःचं घाला. ताबा घ्यायला जाल तेव्हा आईला घेऊन जा.

आणि कोणी म्हणालं मागून या, तर फाटकाची कडी स्वतःच्या हातानं काढा.

उन्हाळ्यात माझ्या घरात वारा खेळत नाही. सगळे म्हणतात ती भिंत पाड, निदान खिडकी तरी काढ. मी पाडणार नाही. मी जिवंत आहे तोवर या घराला एकच दार राहील, आणि ते रस्त्यावर उघडेल.