माझ्या नळ्यांचा लाल दोरा

लाल दोरा दिसला की माझं डोकं अजूनही सणकतं. मग तो कोणाच्या मनगटात असो, लग्नातल्या कलशाला असो, नाहीतर लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याला असो. घरची पोरं हसतात, म्हणतात आजीला दोऱ्याचं वावडं आहे. हसा बाबांनो. तुमच्या टेस्ट ट्यूबला अजून कोणी बांधला नाही.

बासष्ट साली मी यवतमाळला इंटर सायन्सला होते. लोहाऱ्याला मावशीकडे राहायची आणि तिथून पायी कॉलेजात जायची. आमचं गाव मारेगावकडचं. छप्पननंतर आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. मेलेली ढोरं ओढायचा दोर बापानं अंगणात आणून जाळला आणि गावाचं ते काम कायमचं सोडलं. त्यावर गावानं आम्हाला कसं छळलं ते सांगत बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल.

मला डॉक्टर करायचं हे बापाच्या डोक्यात त्याआधीपासून होतं. एकदा माय तापानं फणफणली, तर बापानं तिला बैलगाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाहेर आला, मायच्या मनगटावर फडकं टाकायला लावलं आणि फडक्यावरून नाडी पाहिली. मी गाडीच्या चाकाला धरून उभी होते. परत येताना बाप गाडी हाकत होता. गावाजवळ आल्यावर एवढंच बोलला, "आपल्या घरचा डाक्टर पाह्यजे. फडक्याबिगर हात धरनारा." भावाचं चित्त शाळेत नव्हतं, म्हणून ते माझ्यावर आलं. मेडिकलला जायचं तर इंटरला फर्स्ट क्लास हवा, आणि त्यात प्रॅक्टिकलचे मार्क धरलेले. सगळा डाव तिथंच होता.

शरीररचना आणि शरीरक्रियेची प्रॅक्टिकलं आठवड्यातून दोनदा असायची. लांबट खोली, डोळ्यांत जाणारा फॉर्मॅलिनचा वास, बेडकांच्या बरण्या, आणि कोपऱ्यात काचेच्या कपाटात माणसाचा खराखुरा सांगाडा. पहिल्याच दिवशी अख्ख्या बॅचनं त्याच्याशी हात मिळवला. पोरांनी त्याच्या दातांत विडी अडकवली. मांडीचं हाड, दंडाचं हाड, मनगटातली ती आठ बारकी हाडं, सगळं या हातातून त्या हातात फिरायचं. तो मेला माणूस कोण होता, कोणत्या वस्तीतला होता, हे एकानंही विचारलं नाही. मेलेला चालत होता. चौकशी फक्त जिवंत माणसाची व्हायची.

माझ्या शेजारच्या रोल नंबरची मुलगी वकिलाची होती. बॅचमध्ये आम्ही तीनच मुली, म्हणून टेबलाला दोघी शेजारी. वाईट नव्हती ती, असं लोक म्हणतील. मीही बरीच वर्षं तसंच म्हणायची. आता म्हणत नाही.

दिवाळीच्या आधी लाळेचं प्रॅक्टिकल आलं. प्रयोग साधा आहे. पिठाच्या पातळ खळीत आयोडीन टाकलं की ती निळीशार होते. त्याच खळीत थुंकी घालून नळी कोमट पाण्यात धरली, की थोड्या वेळानं निळा रंग धरत नाही, कारण थुंकीनं पिठाची साखर केलेली असते. प्रॅक्टिकल घेणारे डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, "सगळे थुंकत बसू नका, घाण होते. एकानं द्यायची, बाकीच्यांनी त्यातली थोडी-थोडी घ्यायची. कोण देतं?" कोणी पुढं होईना. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तू दे गं."

आणि मी, मूर्ख, खूश झाले. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी काहीतरी मागितलं होतं. मी तीनदा खळखळून चूळ भरली, गावच्या चिंचा आठवल्या आणि बीकरच्या तळाला चांगली दोन बोटं थुंकी जमवली. डेमॉन्स्ट्रेटरांनी त्यात पाणी घालून बीकर मधल्या टेबलावर ठेवलं. मी माझा प्रयोग केला, रंग गेला, मी वहीत लिहिलं. मान वर करून पाहते तर बीकर तसंच. कोणी हात लावलेला नव्हता. वकिलाची मुलगी डेमॉन्स्ट्रेटरांच्या टेबलाशी उभी होती. हळू बोलत होती, पण मला कान आहेत. "सर, ह्या नळ्या नंतर आम्हालाच येणार ना? घरी कळलं तर चालणार नाही."

तिला कोणी रागावलं नाही. "बरोबर आहे तुझं," असं म्हणाले ते.

पुढच्या प्रॅक्टिकलला माझ्या स्टँडवर सहा नळ्या, आणि सहाही नळ्यांच्या गळ्याला लाल दोरा. लॅबचा शिपाई म्हातारा होता, आमच्याच भागातला. मी त्याला विचारलं, हे काय? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाडाछडी हाये. सरच्या घरी पूजा झालती, त्यातली उरेल हाये. म्या काय करू बाई, मले सांगतलं त म्या बांधला." देवाला वाहायचा दोरा होता तो. देवाला वाहून उरला तो माझी थुंकी ओळखायला आला. आणि बाकीच्या बॅचनं लाळेचा प्रयोग कसा केला? आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवला. माझ्या थुंकीनं ते बाटणार होते, खोटं लिहून नाही बाटले. डेमॉन्स्ट्रेटरांनी त्या सगळ्या वह्यांवर सही केली.

सुटीत गावी गेले तेव्हा बापाला सांगितलं. तो सरपणासाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे बांधत होता. वाटलं, हा माणूस उठेल, उद्याच्या गाडीनं यवतमाळला येईल आणि त्या डेमॉन्स्ट्रेटरासमोर उभा राहील. तो भारा बांधतच राहिला. म्हणाला, "दोरा नळीले हाये. तुह्या मनगटाले त नाही. पास हो आंधी, मंग सोड."

माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, "तुमी दोर जाळला तवा कोनाले इचारलं होतं?"

"तवा मले काई बनाचं नवतं," बाप म्हणाला. "तुले डाक्टर बनाचं हाये."

सुटी संपताच मी लोहाऱ्याला परतले. परीक्षेपर्यंत गप्प बसले. बेडूक कापला, हृदय काढलं, चेतातंतूंची चित्रं काढली, नाडी मोजली ती स्वतःचीच, कारण माझं मनगट धरायला कोणी नव्हतं. लाल दोऱ्याच्या नळ्या धुतल्या, पुसल्या, परत स्टँडवर ठेवल्या. पाण्यात भिजून भिजून त्या गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. मनात रोज शिव्या देत होते. मला येतात तेवढ्या सगळ्या देऊन झाल्या.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. डिसेक्शनच्या पेट्या बाहेर ठेवायला लावल्या होत्या, कारण त्या दिवशी कापाकापी नव्हती. फळ्यावर प्रयोग लिहिला होता: लाळेची पिष्टावर होणारी क्रिया. परीक्षक म्हणाले, ज्यानं त्यानं स्वतःची लाळ वापरायची. मला हसूच आलं. साऱ्या खोलीत हा प्रयोग खरोखर केलेली मी एकटी होते. चूळ भरली, चिंच आठवली, नळीत दोन बोटं थुंकी तयार. मी खळ मोजून घेत होते तेवढ्यात शेजारून खुसपुस आली.

वकिलाच्या मुलीच्या तोंडाला भीतीनं कोरड पडली होती. तिनं दोनदा चूळ भरली, गाल चोळले, जीभ चावली. नळीत नुसता फेस. तिचे डोळे भरून आले होते. "तुझी दे ना गं थोडी," ती म्हणाली. "हात जोडते."

वर्षभर शेजारी उभी राहून तिनं माझ्या स्टँडला चुकूनही हात लावला नव्हता. नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. साधं, सोपं. पण माझा राग सोपा नव्हता. मी माझी भरलेली नळी तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, "दोरा सोड आधी."

"काय?"

"माझी थुंकी पाहिजे ना? मग हा दोरा सोड आणि घे."

तिनं नखांनी गाठ ओढली. गाठ हलेना. तिचं नख तुटलं. तिनं एकदा समोर परीक्षकांकडे बघितलं, मग स्टँडच्या मागं वाकली आणि गाठ दातात धरली. सुटली गाठ. तिनं घाईघाईनं माझ्या नळीतली थुंकी आपल्या नळीत ओतून घेतली, निम्म्याच्या वर. मग रुमाल काढून ओठ पुसले. दोनदा पुसले.

तो रुमाल बघून माझं तोंड कोरडं पडलं. रागानं तोंडाला कोरड पडते हे पुस्तकात होतं, मी पाठ केलं होतं. चिंच आठवली, कैरी आठवली, काही येईना. तळाला उरली होती तेवढ्याच थुंकीवर मी प्रयोग लावला.

वेळ संपत आल्यावर परीक्षक आमच्या टेबलाशी आले. मागं डेमॉन्स्ट्रेटर. आम्हा दोघींच्या मधे तो सुटलेला दोरा पडला होता, आणि माझ्या बाकीच्या पाच नळ्यांना बांधलेले दिसत होते. "हा दोरा कशाचा?" परीक्षकांनी विचारलं.

उत्तर तिनं दिलं. "ओळखीसाठी, सर. ह्या नळ्या हिच्या." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तिच्या हातातल्या नळीत माझी थुंकी होती, आणि ती हे बोलली.

मी म्हटलं, "माझी थुंकी दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून बांधतात, सर. मी बौद्ध आहे."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. हिच्या नळीतली थुंकी माझी आहे, विचारा हिला. पण ते बोलले असते तर कॉपी म्हणून दोघीही बाहेर गेलो असतो, आणि बाप त्या भाऱ्यांपाशी बसून वाट बघत होता. मी ते गिळलं. परीक्षकांनी डेमॉन्स्ट्रेटरांकडे पाहिलं. डेमॉन्स्ट्रेटरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग परीक्षकांनी तिच्या नळीतला थेंब आयोडीनवर टाकला. निळा झाला नाही. "छान," म्हणाले. माझा थेंब टाकला. निळा झाला.

"सर, पाच मिनिटं द्या. थुंकी कमी पडली, रंग जायला वेळ लागतो."

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. दोऱ्याबद्दल पुन्हा एक अक्षर नाही. शिकलेला माणूस, बाहेरगावचा माणूस, आणि त्यालाही ती गाठ मोठ्यानं वाचायची नव्हती.

माझा फर्स्ट क्लास गेला तो प्रॅक्टिकलच्या थोडक्या मार्कांनी. तिला मेडिकलला जागा मिळाली. निकाल घेऊन गावी गेले तर बाप ओट्यावर बसला होता.

"दोरा सोडला?" त्यानं विचारलं.

"सोडला."

"डाक्टर?"

मी नाही म्हणून मान हलवली. बापानं निकालाचा कागद घडी करून मला परत दिला. "आंधी काहून सोडला मंग, माय," एवढंच म्हणाला. त्या दिवशी मला त्याचाही राग आला, परीक्षकांचा आला, वकिलाच्या मुलीचा आला. सगळ्यात जास्त माझा आला, कारण दोरा मी सोडलाच नव्हता. तिच्याकडून सोडवून घेताना पैसे मोजावेत तशी मी माझी मेडिकलची जागा मोजून दिली होती.

मी बी. एस्सी. झाले, बी. एड. केलं, आणि साठच्या दशकाच्या शेवटी एका तालुक्याच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले. नववीला लाळेचा प्रयोग आला की माझा एक नियम होता. स्वतःची थुंकी वापरायची नाही. शेजारच्याची घ्यायची आणि शेजारच्याला आपली द्यायची. पोरं ई करायची, हसायची, मग करायची. मी कोणालाच सोडलं नाही.

पहिल्याच वर्षी एका मुलीचा बाप तावातावानं शाळेत आला. गावातला मोठा माणूस. हेडमास्तर त्याच्या मागं मागं हात चोळत. "माह्या पोरीले कोनाची थुंकी देल्ली तुमी? कोनाची होती, सांगा."

तास नुकताच संपला होता. नळ्या अजून टेबलावर होत्या, सगळ्या सारख्या, सगळ्यांत तीच पांढुरकी खळ. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "तुमच्या पोरीची थुंकी ह्यातल्या कोणत्या नळीत आहे ते आधी तुम्ही दाखवा. मग दुसरी कोणाची ते मी सांगते."

तो बसला. एकेक नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरून बघू लागला. पाचवी, सहावी, सातवी. हेडमास्तर म्हणाले, बाई, जाऊ द्या आता. मी म्हटलं, बघू द्या त्यांना. मला पुढचा तास नव्हता.