आप्पासाहेबांच्या शेतावर मोटर मरायची

जहांगीर मिस्त्रीला पाण्याची भीती होती. साधीसुधी नाही. अंघोळीला बसला तरी डोक्यावर तांब्या ओतताना तो डोळे गच्च मिटायचा. छावणीच्या बाजारात त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, समुद्र शेकडो मैल लांब, त्यामुळे ही भीती आयुष्यभर खपून जाईल असं त्याला वाटत होतं. पण जायकवाडीचं धरण भरलं, आणि पैठणकडच्या एका गावचे नानासाहेब टेम्पोत बोटीची जुनी मोटर टाकून थेट त्याच्या दारात आले.

नानासाहेबांची जमीन पाण्याखाली गेली होती. मोबदला मिळाला, नवी जमीनही मिळाली. पण आठवड्यातून एकदा आपल्या रानात चक्कर टाकायची त्यांची सवय सुटेना. म्हणून त्यांनी लिलावात एक बोट आणि तिच्या मागं लावायची ही मोटर घेतली. आता ते बोटीतून शेत बघायला जात. जाताना गड्याला, बन्सीला, ओरडून सांगत, "अरं विहीर हाये तिथं, वळसा घाल!" विहिरीवर पाच पुरुष पाणी होतं, पण बन्सी वळसा घालायचा.

"मिस्त्री," नानासाहेब म्हणाले, "मोटरीची ताकद जाती. अन् जाती कुठं? बरोबर आप्पाच्या शेतावर. दुसरीकडं कुठंच नाय."

आप्पासाहेब म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. बांधावरून दोघांत अबोला होता. बांध बुडाला, अबोला तरंगतच राहिला.

"मग करता काय?"

"उभा राहतो अन् शिव्या घालतो. शिव्या घातल्या की थोड्या वेळानं मोटर पुन्हा चालू व्हती. करणीच हाये ही. पर म्हटलं, एकदा तुलाबी दाखवावी."

जहांगीरनं मोटर उघडली. आतली तऱ्हा स्कूटरसारखीच. पेट्रोलात तेल मिसळूनच पाजायचं. प्लग काळेकुट्ट झाले होते, ते बदलले. कार्बोरेटर धुतला. टाकीत तळाला पाणी साचलं होतं, म्हणून पेट्रोल मलमलच्या कापडातून गाळून घेतलं. पंख्याला गुंडाळलेलं शेवाळ सोडवलं. मग पिंप भरून त्यात मोटर बुडवली आणि चालवून बघितली. अशी गरजली की शेजारच्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या.

बायको अमिना बाहेर आली आणि पिंपाकडं बघतच राहिली. "नळाला चौथ्या दिवशी पानी आया," ती म्हणाली, "और तुम इंजन को नहलाते बैठे?"

मोटर गेली आणि पुढच्या आठवड्यात परत आली. आप्पासाहेबांच्या शेतावर मेली होती. जहांगीरनं पुन्हा सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला तो स्वतः काठावर जाऊन उभा राहिला. बन्सी एकटा बोट घेऊन गेला, तर आप्पासाहेबांच्या शेतावरून बोट बाणासारखी गेली आणि आली.

"बघ," नानासाहेब म्हणाले, "करणी माझ्यावरच हाये. चल तू माझ्यासंगं."

जहांगीरनं पाण्याकडं बघून डोळे गच्च मिटले. पण मोटरीपुढं हार मानणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं ट्रकची ट्यूब कमरेला अडकवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि मोटरीजवळ बसला. धरायला काही सापडेना. पुढच्या टाकीपासून मागच्या मोटरीपर्यंत पेट्रोलची रबरी नळी होती. कुणाचा पाय पडू नये म्हणून बन्सीनं ती डाव्या फळीवरून नेली होती. नळीत मध्ये पेट्रोल ओढायचा रबरी फुगा होता. जहांगीरनं तोच मुठीत घट्ट धरला, जसा काही बापाचा हात.

नानासाहेब उजव्या फळीवर बसून शेतं सांगत होते. इथं तूर, इथं ज्वारी. मग उठले आणि डाव्या फळीवर जाऊन बसले, त्या बाजूच्या पाण्याकडं पाठ करून.

"आप्पाचं रान आलं. तोंडबी बघायचं नाय मला त्याचं."

एवढ्यात जहांगीरच्या मुठीतला फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला. मोटर खोकली, धापा टाकू लागली. जहांगीरनं भीती विसरून नळीवरून हात पुढं सरकवला. हात नानासाहेबांच्या धोतरापाशी येऊन थांबला.

"नानासाहेब, उठा जरा."

"उठतो की. आधी मोटर मरू दे, मग उठायचं, मग शिव्या. पद्धत हाये ती."

"मरत नाय ओ, तुम्ही मारताय! नळीवर बसलाय तुम्ही!"

नानासाहेब उठले. मोटर गरजली. बसले. मोटर खोकली. पुन्हा उठले, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजी आप्पानं काईच केलं नाय?"

"काहीच नाय."

"काईच?" त्यांनी अशा आवाजात विचारलं की जहांगीरला वाटलं, थोडं खोटं बोलायला हवं होतं.

खात्री पटेना म्हणून नानासाहेब उठबस करतच राहिले आणि बन्सी बोट गोल फिरवत राहिला. काठावरून आरडाओरडा ऐकू आला. आप्पासाहेब धोतर सावरत पळत येत होते.

"माझ्या शेतावर उठाबशा काढून काय मंतर टाकतोस रं नाना?"

कित्येक वर्षांत भावाच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द. नानासाहेबांनी बोट काठाला लावायला लावली आणि भावाला हाताला धरून आत ओढलं. "बस हितं. बस म्हणतो ना! आता बघ." बन्सीनं बोट पुन्हा त्याच जागी नेली. आप्पासाहेब नळीवर बसले, मोटर मेली. मग आप्पासाहेब म्हणाले, "काठावरनं माझं वाटलं, पर हे माझं रान नाय. माझं त्या बाभळीपासनं." बाभूळही पाण्याखालीच होती. भांडण दिवस मावळेपर्यंत चाललं. ट्यूबमध्ये अडकलेला जहांगीर कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं बघून मान डोलवत राहिला; वेळ जावा म्हणून त्यानं नळी तारेनं बोटीच्या आतल्या अंगाला, फळीच्या खाली, पक्की बांधून टाकली.

तेव्हापासून दोघं भाऊ मिळूनच शेतं बघायला जाऊ लागले. भांडत जात, भांडत येत.

उन्हाळ्यात निरोप आला, मिस्त्री, लवकर ये, बोट हलत नाय. जहांगीर गेला तर पाणी पार मागं हटलेलं. दोघांच्या रानांच्या मधोमध ओल्या गाळात बोट रुतून बसलेली, पंखा चिखलात, आणि आत दोघं भाऊ समोरासमोर.

"उतरा की," तो म्हणाला.

"मी नाय उतरत," आप्पासाहेब म्हणाले. "ह्याच्या बाजूला पाय पडला, तर रान ह्याचं म्हणंल."

"अन् मी काय येडा हाये?" नानासाहेब म्हणाले.

नानासाहेबांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, फडक्यात बांधून जहांगीरच्या हाती भाकरी आणि ठेचा पाठवला होता. जहांगीर चप्पल हातात घेऊन गाळातून चालत बोटीपर्यंत गेला, वर चढला आणि दोघांच्या मध्ये बसून जेवायला लागला.